बोहल्यावरची नजर

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे माणसांच्या लग्नांना तोंड फुटते. हा अंक हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतील. पण ज्या घरात यंदा कार्य आहे तिथे कार्यालयाची तारीख, आहेराच्या याद्या आणि फोटोवाल्याला द्यायची आगाऊ रक्कम यांची बोलणी सुरू झालेली असतील. फोटोवाल्याचा मान हल्ली भटजींच्या वर गेला आहे. अंतरपाट किती उंच धरावा हे तो सांगतो, आणि सप्तपदीतले एखादे पाऊल त्याला नीट मिळाले नाही तर ते दुसऱ्यांदा टाकावे लागते. याबद्दल कुरकुर करणाऱ्यांतली मी नाही. लग्नाचे चित्र काढून ठेवावे ही हौस माणसाला दोन हजार वर्षांपासून तरी आहे, आणि त्या हौसेपोटी जे मागे उरले आहे ते पाहत बसणे हा माझा जुना छंद आहे.

छंदाबरोबर एखादी खोड येते, तशी मलाही आहे. लग्नाचे चित्र समोर आले की मी आधी नवरी शोधते आणि मग ती कुठे पाहते आहे ते पाहते. हे वाटते तितके सोपे नाही. काही चित्रांत नवरी पटकन सापडत नाही, काहींत ती मुळात नसतेच. सापडली तर बहुधा तिची नजर खाली असते. रोममधल्या भिंतीवर, फ्लेमिश चित्रकाराच्या लाकडी फळीवर, आपल्या लेण्यातल्या दगडात, सगळीकडे तीच किंचित वाकलेली मान. आणि चित्राखाली ओळ लिहिणाऱ्याने तिच्यासाठी एक शब्द आधीच काढून ठेवलेला असतो. सलज्ज. सलज्ज नववधू.

माझे भांडण या शब्दाशी आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही; कित्येकदा तो अगदी खरा असेल. पण तो एकदा लिहिला की पाहणारा निश्चिंत होऊन पुढे सरकतो. त्या पापण्यांखाली काय आहे हे पाहण्याचे कारणच त्याला उरत नाही. सकाळपासूनचा उपास, शालूचे ओझे, परक्या घराची धास्ती, मनासारखे झाल्याचे समाधान, होमाचा धूर, नुसता थकवा, या साऱ्यांची नजर खालीच असते. चांगल्या चित्रकाराला यांतला फरक कळतो. लग्नाच्या चित्राची पारख मी तरी त्या एका गोष्टीवरून करत आले आहे.

रोममध्ये १६०१ साली एका टेकडीवर जमिनीखाली एक भित्तिचित्र सापडले. ऑगस्टस बादशहाच्या काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ज्या कार्डिनलच्या मालकीचे ते झाले त्याच्या नावावरून त्याला ‘आल्डोब्रांडिनी विवाह’ म्हणतात. ते आता व्हॅटिकनमध्ये आहे. लांबट पट्टीसारखे चित्र. मधोमध पलंग, आणि त्याच्या कडेवर पायघोळ वस्त्र पांघरून, मान खाली घालून बसलेली नवरी. तिच्या शेजारी एक अर्धवस्त्रा स्त्री बसली आहे. ती प्रेमाची देवता व्हीनस, की मन वळवणारी दुसरी कुणी, यावर पंडितांचे एकमत नाही. तिने नवरीच्या गळ्यात हात टाकला आहे आणि ती तिला काही सांगते आहे. पलीकडे उंबऱ्याशी डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला एक तरुण बसून वाट पाहतो आहे. हा नवरा की लग्नाचा देव, हेही ठरलेले नाही. देव-माणसांचा हा घोळ मी बाजूला ठेवते. समजूत घालण्याचा तो हात मात्र कुणालाही ओळखू येईल. ज्या चित्रकाराला हा हात काढावासा वाटला त्याला ठाऊक होते की खाली पाहणाऱ्या या मुलीला धीराची गरज आहे. तिथे ‘सलज्ज’ लिहून भागत नाही.

यानंतर मी वाचकांना चौदाशे वर्षे ओलांडायला लावणार आहे, कारण लग्नाची चित्रे म्हटली की ज्याचे नाव पहिल्याने निघते ते चित्र १४३४ सालचे आहे. यान वान आयक या फ्लेमिश चित्रकाराचे ‘आर्नोल्फिनी दांपत्य’. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले हे चित्र जेमतेम ८२ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे. पण एवढ्याशा फळीवर एका श्रीमंत इटालियन व्यापाऱ्याचे अख्खे घर मावले आहे. लाल पलंगपोस, खिडकीशी ठेवलेली संत्री, काढून ठेवलेल्या खडावा, पायाशी झिपरे कुत्रे, छतातले पितळी झुंबर. मागच्या भिंतीवर बाहेर फुगलेला गोल आरसा, आणि त्या आरशात या दोघांच्या पाठी आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसे. आरशाच्या वर चित्रकाराने वळणदार अक्षरात लिहून ठेवले आहे की यान वान आयक इथे होता. साल १४३४.

एर्विन पॅनोफ्स्की या नामांकित कलापंडिताने १९३४ साली असे प्रतिपादन केले की हे चित्र म्हणजे विवाहाचा दस्तऐवजच आहे. चित्रकाराने साक्षीदार म्हणून सही केली आहे. कल्पना इतकी सुरेख होती की तीन पिढ्यांनी ती शाळेत घोकली. झुंबरातली एकच पेटलेली मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर, कुत्रे म्हणजे निष्ठा, आणि हिरव्या झग्यातली ती तरुणी अर्थातच सलज्ज नववधू. पुढे कागदपत्रे बोलू लागली. चित्रातला म्हणून जो आर्नोल्फिनी समजला जात होता त्याचे लग्न १४४७ साली झाल्याची नोंद १९९७ मध्ये उजेडात आली. तोवर वान आयकला मरून सहा वर्षे झाली होती. आता बहुतेक अभ्यासक चित्रातला माणूस त्याचा चुलतभाऊ मानतात, आणि हे लग्न नसून नुसते दांपत्याचे चित्र आहे असे म्हणतात. त्या चुलतभावाची बायको १४३३ च्या आधीच वारली होती. एका अभ्यासिकेने यावरून असे सुचवले आहे की हे चित्र तिच्या मागे, तिच्या आठवणीसाठी काढलेले असावे. झुंबरात नवऱ्याच्या बाजूची मेणबत्ती जळते आहे आणि तिच्या बाजूची विझून गेली आहे, याकडे तिने बोट दाखवले.

हे सुचवणे सर्वांना मान्य झालेले नाही, आणि त्याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढे मनात ठेवून चित्राकडे पुन्हा पाहावे. नवऱ्याचा उजवा हात वर उचललेला आहे. डाव्या हातात तिचा उजवा हात अलगद ठेवलेला आहे, धरलेला म्हणवत नाही. तो समोर पाहतो, पण तिच्याकडे नाही. तिची नजर त्याच्या बाजूला आहे, पण त्याच्या डोळ्यांपर्यंत जात नाही. रंगाचा एक ठिपका न बदलता तीच बाई काल नवी नवरी होती आणि आज कदाचित या जगात नसलेली बायको आहे. वान आयकने तिचा चेहरा इतका निवांत ठेवला आहे की तो दोन्ही अर्थ पेलतो. एका विशेषणात बसेल एवढी ती बाई त्याने लहान केली नाही.

आता मला मनापासून आवडणारे चित्र. पीटर ब्रूगेलचे ‘शेतकऱ्यांचे लग्न’, साधारण १५६७ सालचे, व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. यात लग्न लागून गेले आहे आणि पंगत बसली आहे. जागा म्हणजे एक खळ्यावरचे कोठार. भिंत कसली, रचलेल्या पेंढ्यांची रासच मागे दिसते. पुढ्यात दोन दणकट वाढपी एक दार खांद्यावर घ्यावे तसे उचलून आणत आहेत. बिजागऱ्यांतून काढलेले खरोखरीचे दार! त्यावर खिरीसारख्या पातळ पदार्थाची भांडी मांडली आहेत. आपल्याकडे पूर्वी गावजेवणाला भात ताटव्यावर ओतीत, त्याची आठवण व्हावी. डावीकडे एक जण घागरीतून सुरया भरतो आहे. दोघे पुंगीवाले उभे आहेत. त्यांतल्या एकाची पुंगी काखेत आणि डोळे खिरीच्या भांड्यावर. सनईवाल्याला पंगत उठेपर्यंत थांबावे लागते हे दुःख सार्वत्रिक असावे. खाली जमिनीवर एक पोर, टोपी पार डोळ्यांवर आलेली, ताटली बोटाने चाटून पुसून साफ करते आहे. उजव्या टोकाला काळ्या कपड्यांतला कुणी बडा माणूस साधूशी गहन चर्चा करतो आहे. त्याचे जेवणाकडे लक्ष नाही, म्हणजे हा पोटभर खाणाऱ्या घरचा. दार वाहणाऱ्यांच्या पायांचा हिशेब केला तर एक पाय जास्त निघतो, आणि त्यावर लोकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

या सगळ्या गडबडीत भिंतीवर एक गडद हिरवे कापड टांगले आहे, त्यावर कागदी मुकुट लोंबतो आहे, आणि त्याच्या बरोबर खाली नवरी बसली आहे. केस मोकळे, गाल लालबुंद, पापण्या जवळजवळ मिटलेल्या, हात एकमेकांत गुंफून पुढे ठेवलेले. चित्रातली सारी माणसे हात, तोंड, खांदा, काहीतरी हलवत आहेत. हलत नाही ती एकटी. ती जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. लग्नाच्या दिवशी नवरीने स्वस्थ बसायचे हा तिथला रिवाज होता, असे सांगतात. एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरीला आयुष्यात हा एक दिवस असा मिळायचा.

तिच्या चेहऱ्यावर काय आहे यावर मी पुष्कळ वाचले आहे. कुणी तिला खुळी म्हटले आहे, कुणी आत्मसंतुष्ट, कुणी प्यालेली. आपल्याकडचा लेखक असता तर सलज्ज म्हणाला असता. मला ती दमलेली आणि सुखी दिसते. पाहुण्यांचे लक्ष खाण्यावर आहे, आईबाप जवळ आहेत, कुणी काही काम सांगत नाही, आणि ती डोळे मिटून आत कुठेतरी बसली आहे. शेतकऱ्यांना हसण्यासाठी ब्रूगेलने ही चित्रे काढली असे म्हणणारा एक पक्ष आहे. मला ते पटत नाही. हसायचे असते तर त्याने हिच्याही हातात खिरीची वाटी दिली असती. त्याने तिच्यामागे ते हिरवे कापड टांगले, आणि त्या आरडाओरड्यात तिच्यापुरती शांत जागा केली.

मौज अशी की या चित्रात नवरा कोणता, हे आजवर कुणाला छातीठोकपणे सांगता आलेले नाही. सुरया भरणारा, वाढणारा, तोंडात घास कोंबणारा, प्रत्येकाला कुणी ना कुणी नवरा ठरवून झाले आहे. आपल्याकडे असे झाले असते तर वरपक्ष पंगतीतून उठून गेला असता.

ब्रूगेलच्या आधी चार वर्षे, १५६३ साली, व्हेनिसमध्ये व्हेरोनेझेने ‘काना गावचे लग्न’ पुरे केले होते. एका मठाच्या भोजनगृहासाठी काढलेले हे चित्र १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने उचलून पॅरिसला नेले, आणि ते आजही लूव्हरमध्ये आहे. जवळजवळ सात मीटर उंच, दहा मीटर रुंद, शंभरावर माणसे. ख्रिस्ताने पाण्याची मदिरा केली तो प्रसंग. चित्र दिमाखदार आहे यात वाद नाही. पण ज्यांचे लग्न ते दोघे डाव्या टोकाला कोपऱ्यात बसले आहेत, आणि सांगितल्याशिवाय सापडत नाहीत. मध्यभागी पाहुणाच परमेश्वर असल्यावर यजमानांना कोपराच मिळायचा, हे धर्माच्या दृष्टीने ठीक. चित्र म्हणून मला ते बड्या घरच्या स्वागतसमारंभासारखे वाटते. वाद्ये उत्तम, भांडी उत्तम, कपडे उत्तम. घर आठवत नाही.

याहून पुढची पायरी आपल्याच देशात, मोगल दरबारात गाठली गेली. शहाजहानच्या ‘पादशाहनामा’ या सचित्र बखरीची प्रत १७९९ मध्ये अवधच्या नबाबाकडून इंग्लंडच्या राजाला गेली. ती विंडसरच्या राजवाड्यात आहे. तिच्यात १६३३ च्या फेब्रुवारीत झालेल्या दारा शुकोहच्या लग्नाची चित्रे आहेत. आहेरांची रीघ, वरात, हत्ती, वाद्ये, आणि मुलाच्या लग्नात त्याचा गौरव करणारा बाप. रेशमावरची वेलबुट्टी मोजून घ्यावी इतकी बारीक कारागिरी आहे. मुमताजमहल १६३१ साली बुऱ्हाणपुरास वारली होती. मुलाच्या लग्नाची तयारी तिने आरंभली होती आणि ती पुढे थोरल्या लेकीने, जहानआराने, तडीस नेली. या दोघी चित्रांत कुठून असणार? आणि नवरी नादिरा बानू, तीही नाही. पडद्याची चाल होती, दरबाराची बखर होती, कारण सरळ आहे. तरी ती पाने पाहताना मला राहून राहून वाटते की इतक्या तपशिलाने काढलेल्या लग्नात एक माणूस कमी आहे. नजर खाली घालायलासुद्धा चित्रात जागा मिळावी लागते.

उलट टोकाचे चित्र मॉस्कोला त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. वासिली पुकिरेव्हचे ‘विजोड लग्न’, १८६२. अंधारे देऊळ. वाकलेला धर्मगुरू अंगठी घालण्यासाठी नवरीचा हात धरून आहे. नवरा म्हातारा, छातीवर सरकारी पदक, ताठ उभा राहून डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहतो. ती सोळा-सतराची असावी. रडून रडून पापण्या सुजल्या आहेत, डाव्या हातातली मेणबत्ती कलली आहे. मागे एक तरुण हाताची घडी घालून उभा. तो चित्रकार स्वतः, की त्याचा कुणी मित्र, यावर निरनिराळ्या हकिकती आहेत. या चित्राने रशियात खळबळ उडवली आणि पुकिरेव्हला अकादमीने प्राध्यापकाची पदवी दिली.

मराठी वाचकाला हे चित्र समजावून द्यावे लागत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले तेव्हा जरठाच्या गळ्यात बांधली जाणारी बाला ही आपल्या घराघरातली गोष्ट होती. दोन्ही कृतींनी लोकांना लाज वाटायला लावली, आणि ती लाज पाहणाऱ्यांची होती, नवरीची नव्हे. पण चित्र म्हणून विचाराल तर पुकिरेव्हची मुलगी मला ब्रूगेलच्या मुलीइतकी आठवत नाही. तिच्यावर अन्याय होतो आहे, एवढेच चित्रकाराला तिच्याविषयी सांगायचे आहे. आणि ते तो इतक्या जोराने सांगतो की आपल्याला शोधायला काही ठेवत नाही. समाजसुधारणेच्या कामी हे चित्र मोठे आहे. त्याची ही मर्यादा सांगितली म्हणून त्याचे ते पुण्य कमी होत नाही.

मग कॅमेरा आला. १८३९ साली पॅरिसमध्ये त्याची युक्ती जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी, १८४० च्या फेब्रुवारीत, व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. त्या लग्नाचे छायाचित्र नाही. तरीही ‘व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा फोटो’ म्हणून एक छायाचित्र जगभर फिरत असते. ते १८५४ सालचे आहे. रॉजर फेंटन या छायाचित्रकाराने राणी आणि आल्बर्ट दरबारी पोशाखात असताना घेतलेले. तोवर त्यांना आठ मुले झाली होती. लोकांना लग्नाचा फोटो हवा होता, म्हणून त्यांनी तो करून घेतला.

खरा लग्नाच्या दिवसाचा फोटो आहे तो राणीच्या थोरल्या मुलीचा. २५ जानेवारी १८५८. सतरा वर्षांची नवरी आईबापांमध्ये उभी आहे. तेव्हा चित्र उमटायला काही क्षण पुतळ्यासारखे उभे राहावे लागे. नवरी स्थिर राहिली, बाप स्थिर राहिला. आईचा चेहरा पुसट उमटला आहे. आपल्याला कंप सुटला होता म्हणून छबी अस्पष्ट आली, असे राणीने रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. कुठल्याही चित्रकाराने राणीचा चेहरा असा पुसट काढला नसता. त्याला बिदागी मिळाली नसती. यंत्राला भीड नव्हती. त्या पुसट चेहऱ्यात पाठवणीच्या वेळची वधूमाय मला जितकी दिसते तितकी सुबक रंगवलेल्या एकाही चित्रात दिसलेली नाही.

आपल्याकडे फोटो लवकर आला. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली. पण लग्नमंडपात कॅमेरा शिरायला पुष्कळ अवधी लागला. काचा जड, उजेड अपुरा. म्हणून नवराबायको स्टुडिओत जात. माझ्या आत्याचा असा एक फोटो आमच्या घरी आहे. लग्न वैशाखात गावी झाले आणि फोटो बारा-पंधरा दिवसांनी तालुक्याला. त्यासाठी मुंडावळ्या पुन्हा बांधल्या, शालू पुन्हा नेसला. मागे रंगवलेल्या पडद्यावर कुठल्यातरी विलायती बागेची पायरी. नवरा खुर्चीत, ती उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तिची नजर खाली नाही. ती समोर, डोळे विस्फारून पाहते आहे. आत्या सांगायची, “पापणी हलवलीस तर काच फुकट जाईल आणि पैसे तुमच्याकडून घेईन, असे तो माणूस म्हणाला होता.” त्या फोटोकडे पाहून पाहुणेमंडळी “केवढी धीट होती हो” म्हणत. धीट कसली? पैशांच्या धाकाने पापणी रोखून धरली होती. समोर पाहणारी नजरही काय सांगते हे पाहावेच लागते, ते असे.

लग्नाआधीच्या फोटोची कथा तर याहून विलक्षण. १९०८ ते १९२० या काळात हवाई बेटांत आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कष्टाला गेलेले जपानी तरुण मायदेशी आपला फोटो पाठवत, तिकडून मुलीचा फोटो येई, आणि दोन्ही घरे राजी झाली की नवरा हजर नसतानाच लग्नाची नोंद होई. मग ती मुलगी समुद्र ओलांडून जाई. त्यांना फोटोवरच्या नवऱ्याच म्हणत. हजारो जणी अशा गेल्या. धक्क्यावर हातात फोटो धरून माणसे ताडून पाहायची. काहींना जो उतरवून घ्यायला आला त्याचा फोटो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा निघाला, काहींना तो चक्क दुसऱ्याच देखण्या मित्राचा निघाला. अमेरिकेतल्या विरोधामुळे जपानने १९२० साली या मुलींना परवाने देणे थांबवले. ‘मुलीचा फोटो आणि पत्रिका पाठवावी’ असे लिहिणाऱ्या आपल्या समाजाला या कथेत परके काही वाटू नये. आणि तो दाखवायचा फोटो कसा असावा याचेही आपले नियम होतेच: नजर फार वर नको, फार खाली नको.

आजच्या नवऱ्या सरळ भिंगात पाहतात आणि हसतात. मला ते आवडते. आत्याला हसायची परवानगी कुणी दिली नव्हती, आणि ज्यांना आता ती मागावीही लागत नाही त्यांचा मला हेवा वाटतो. तरी शेकडो फोटोंचा अल्बम मांडीवर घेऊन बसले की थोड्या वेळाने एक गोष्ट खटकू लागते. ती आईकडे पाहत नाही, नवऱ्याकडे पाहत नाही, जिने सकाळपासून तिच्या निऱ्या सावरल्या त्या मैत्रिणीकडेही पाहत नाही. पाहते ती यंत्राकडे. नवऱ्याकडे पाहण्याचेही फोटो असतात, पण “आता एकमेकांकडे पाहा” हे वाक्य त्यांत ऐकू येते. अशा अल्बमात चुकून एखादा फोटो निसटलेला असतो. खुर्चीवर बसून ती पायातले जोडवे सारखे करते आहे आणि तिला कुणी पाहते आहे याची तिला कल्पना नाही. अल्बम परत देण्यापूर्वी मी तो फोटो पुन्हा एकदा काढून पाहते.

हे निसटलेले जे काही आहे ते अमृता शेरगिलने जाणूनबुजून रंगवले. पॅरिसमध्ये शिकलेली ही मुलगी १९३६ साली अजिंठ्याला आली, तिथून दक्षिणेत गेली, आणि १९३७ मध्ये तिने ‘नववधूचा शृंगार’ हे चित्र काढले. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ते आहे. मधे बसलेली उजळ वर्णाची नवरी, तिचे तळवे लालभडक, केस दुसऱ्या बाईच्या हातात. भोवती आणखी बायका-मुले. पुरुष एकही नाही, सनई नाही, दागिन्यांची मिरवणूक नाही. अजिंठ्याच्या भिंतीवरची मातकट लाली या रंगांत उतरली आहे. अजिंठ्याचे ऋण म्हणून लोक या चित्राची तारीफ करतात ती योग्यच आहे, पण मला त्यातली शांतता अधिक बोलते. वेणी घालून घेताना बाई जशी गप्प होते तशी ती गप्प आहे. चेहऱ्यांवर उत्साह दाखवायची शेरगिलला घाई नाही. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पुढे अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला वारली.

माझ्या मनातले शेवटचे चित्र दगडात आहे. गेटवेहून होडीत बसले की तासाभरात घारापुरी येते. सहाव्या शतकातले लेणे. लोक त्रिमूर्तीपुढे उभे राहून फोटो काढतात आणि परतीच्या होडीसाठी धावतात. शिवपार्वतीच्या लग्नाचा पट त्या घाईत राहून जातो. बराच फुटलेला आहे. शिवाचे हात गेले आहेत, पाय गेले आहेत. ब्रह्मदेव पुरोहित होऊन उकिडवा बसला आहे. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला उभी, जशी आपल्याकडे नवरी विधी संपेपर्यंत उजवीकडे असते. तिची मान कलली आहे, पापण्या खाली.

लहानपणी मी तीन लग्नांत करवली होते. हातात कऱ्हा घेऊन नवरीच्या मागे उभे राहायचे. तिथून चेहरा दिसत नाही. दिसते ती मान, आणि मुंडावळ्यांच्या गाठीखाली घामाने चिकटलेले केस. ती मान कधी कधी मागे वळल्यासारखी व्हायची आणि पुन्हा पुढे व्हायची. घारापुरीच्या पटात पार्वतीच्या मागे कुणीतरी उभा आहे. तो तिचा बाप हिमवान असे म्हणतात. त्याचा हात तिच्या खांद्याशी आहे. पुढे हो, असे तो सांगतो आहे. आणि हात अजून काढून घेतलेला नाही. शिवासाठी तिने तप केले होते, हे लग्न तिने स्वतः मागून घेतले होते. तरीही शिल्पकाराने तिचे पाऊल क्षणभर अडलेले दाखवले, आणि बापाचा हात तिथेच ठेवला. दुपारनंतर दारातून येणारा उजेड फिरतो तेव्हा तिच्या गालावरची सावली हळूहळू हनुवटीकडे उतरते, आणि ती पाहत थांबले की शेवटची होडी चुकण्याची वेळ येते.